आल्प्सचा घाट चढायचा आणि धड उतरायचा

आल्प्समधला उंच घाट चढताना गणित बिघडतं ते बहुतेक वेळा पायथ्याशीच, पहिल्या अर्ध्या तासात. सकाळची हवा गार असते, पाय ताजे असतात, पुढे चार-पाच सायकलवाले दिसत असतात आणि आपण नकळत त्यांच्या मागे लागतो. दोन तासांनी झाडी संपते, उघडा डोंगर सुरू होतो आणि त्या अर्ध्या तासाची वसुली चालू होते. मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे, शर्यती करत नाही. पण उन्हाळा आला की आल्प्समध्ये सायकल चालवते आणि नवख्यांना सोबत नेते. त्यांना निघण्याआधी जे सांगते, तेच इथे लिहिते आहे. आवर घालून चढणं आणि अंगात ऊब ठेवून उतरणं, एवढं जमलं तर साधारण तब्येतीच्या माणसालाही अडीच हजार मीटरचा घाट आनंदाने करता येतो.

घाट निवडताना

सरासरी चढ बघून घाट निवडू नका. फ्रान्समधला गालिबिये घ्या. उत्तरेकडून, सें-मिशेल-द-मोरिएन गावापासून तो सुमारे 35 किलोमीटर भरतो. पण त्यात आधी तेलेग्राफ हा 1566 मीटर उंचीचा वेगळा घाट लागतो, तो चढून व्हालुआर गावात जवळपास पाच किलोमीटर उतरावं लागतं आणि मग खरा गालिबिये सुरू होतो. हा मधला उतार सरासरीत मिसळला की आकडा गोड दिसतो. प्रत्यक्षात प्लाँ लाशाला पूल ओलांडला की शेवटचे आठेक किलोमीटर आठ टक्क्यांच्या (म्हणजे शंभर मीटर अंतराला आठ मीटर चढ) आसपास आणि त्याहूनही खडे चढतात, आणि माथा आहे 2642 मीटरवर.

म्हणून किलोमीटरवार चढाचा आलेख काढा आणि सगळ्यात खडा टप्पा कुठल्या उंचीवर येतो ते बघा. 1000 मीटरवरचे नऊ टक्के आणि 2500 मीटरवरचे नऊ टक्के पायांना सारखे लागत नाहीत. 2700 मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटीहून थोडा कमीच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात पाव हिश्शाहून जास्त प्राणवायू कमी. तिथे ताकद कमी पडणारच, हे आधीच धरून चालावं. जमल्यास पहिला मोठा घाट करण्याआधी दोन-तीन रात्री 1300-1500 मीटरवरच्या गावात मुक्काम करा. झोप आणि दम दोन्हींत फरक पडतो.

इटलीतला स्टेल्व्हिओ सगळ्यांच्या यादीत पहिला असतो. 2757 मीटर उंची, प्राटो गावाकडून सुमारे 24 किलोमीटरचा चढ आणि 48 हेअरपिन, म्हणजे रस्ता जवळपास उलटा फिरवणारी, वळणं. भीती वाटावी असेच आकडे आहेत, पण रस्ता फार समजूतदार आहे. ऑस्ट्रियन साम्राज्याच्या काळात, 1820 ते 1825 दरम्यान, कार्लो दोनेगानी ह्या अभियंत्याने तो बांधला, तेव्हा वर जायच्या होत्या घोडागाड्या. घोड्याला झेपेल इतकाच चढ ठेवायचा, म्हणून डोंगराला वळसे घालत घालत रस्ता नेला. सरासरी साडेसात टक्क्यांच्या जवळ येते आणि चढ त्याच्या आसपासच राहतो. एकदा लय लागली की ती मोडत नाही. याउलट त्याच भागातला मोर्तिरोलो उंचीने 1850 मीटरच्या आतबाहेर आहे, पण माझ्झो गावाकडून साडेबारा किलोमीटरभर सरासरी साडेदहा टक्के, आणि काही ठिकाणी त्याहून बराच उभा. उंची कमी म्हणून तो आधी करायला जाऊ नका.

आणखी एक: आल्प्सचे उंच घाट हिवाळ्यात बंद असतात. जूनच्या सुरुवातीला रस्ता उघडला तरी दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असतात आणि वितळलेलं पाणी वळणांवरून वाहत असतं. जूनअखेर ते सप्टेंबरचा मध्य हा भरवशाचा काळ. मला स्वतःला सप्टेंबरचा पहिला पंधरवडा आवडतो, वाहनं कमी झालेली असतात. घाटाच्या पायथ्याशी रस्ता उघडा की बंद हे सांगणारी पाटी असते. ती बघितल्याशिवाय पेडल मारू नका.

गिअर

सायकल कार्बनची की अॅल्युमिनियमची ह्या चर्चेत मला रस नाही. मागचा कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच, मात्र मी आवर्जून तपासते. पुढे पेडलपाशी 34 दात्यांची लहान चेनरिंग आणि मागे 34 दात्यांचं मोठं चक्र असेल, तर पेडलच्या एका फेरीला चाकाची एक फेरी होते. चाकाचा परीघ साधारण 2.1 मीटर. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर ताशी साडेसात किलोमीटर. आठ टक्क्यांच्या चढावर हा वेग म्हणजे तासाला 600 मीटर उंची. वजन 75 किलो आणि सायकल, कपडे, पाणी मिळून आणखी दहा किलो धरले, तर त्याला साधारण 150 वॅट लागतात. नियमित चालवणाऱ्या बहुतेकांना एवढी ताकद तीन तास देता येते. स्टेल्व्हिओची चढाई 1800 मीटरची, म्हणजे तीन तास. हिशोब एवढा सरळ आहे.

आता मागे 28 दात्यांचंच मोठं चक्र असेल तर त्याच वेगाला पेडलच्या फेऱ्या पन्नासच्या खाली जातात. तुम्ही दर फेरीला पाय रेटायला लागता आणि गुडघे दुसऱ्या तासात बोलू लागतात. सायकल भाड्याने घेणार असाल तर आरक्षण करतानाच कॅसेटचे दाते विचारा. दुकानात पोचल्यावर आणखी एक गोष्ट बघा: पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे. युरोप खंडात तो सहसा डाव्या हाताला असतो. उजव्या हाताला सवय असेल तर बदलून मागा, किंवा सपाटीवर तासभर चालवून हाताला नवी सवय लावा. घाट उतरताना हे शिकायची वेळ येऊ नये.

वेग, म्हणजे मुख्यतः संयम

माझी भाची पहिल्यांदा आली तेव्हा तेलेग्राफच्या जंगलातून चढताना तिची चुळबुळ सुरू झाली. माणसं भराभर पुढे जात होती.

"मावशी, सगळे गेले की गं पुढे! आपण जरा जोर लावू या ना."

"काल रात्री काय जेवलीस ते सांग."

तिने सूपपासून गोडापर्यंत सगळं सांगितलं, मध्ये कुठेही न थांबता.

"बोलता येतंय ना सलग? मग हाच वेग. दोन शब्दांवर धाप लागली की कमी कर."

पायांची ताकद मोजणारा पॉवर मीटर, हृदयगतीचा पट्टा असेल तर उत्तम, पण पहिल्या दोन तासांसाठी ही बोलायची कसोटी पुरते. एकटे असाल तर पूर्ण वाक्य मोठ्याने म्हणून बघा. घाटाचा पहिला एक-तृतीयांश हिस्सा असा चढा की "हे फारच सोपं चाललंय" अशी शंका यावी. मधल्या हिश्शात मेहनत जाणवू द्या. जोर लावायचाच असेल तर तो शेवटच्या तिसऱ्या हिश्शात, तेही पाय सांगतील तेवढाच. त्या दिवशी प्लाँ लाशाच्या वर भाचीला बोलायला दम उरला नव्हता, पण तिचे पेडल एका लयीत फिरत होते. जंगलात पुढे गेलेल्यांपैकी बरेच जण आम्हाला तिथे भेटले.

फ्रान्समधल्या बऱ्याच घाटांवर दर किलोमीटरला सायकलवाल्यांसाठी खुणेचा दगड असतो. त्यावर तिथली उंची, माथा किती दूर आणि पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ लिहिलेला असतो. ह्याचा उपयोग करा, पण पुढच्या एकाच किलोमीटरपुरता. दहा टक्के लिहिलेलं दिसलं की आधीच गिअर हलका करा आणि वेग पडू द्या.

हेअरपिन वळणं नीट घेतली तर ती विसाव्याच्या जागा होतात. आल्प्सच्या देशांत वाहतूक उजव्या बाजूने चालते. त्यामुळे चढताना डावीकडे वळणाऱ्या हेअरपिनला आपण आपोआप बाहेरच्या कडेला असतो. तिथे अंतर जास्त आणि चढ मंद, कधी कधी तर जवळपास सपाट. पाणी प्यायचं, खांदे सैल सोडायचे, ते इथे. उजव्या वळणाला आपण आतल्या कडेला येतो आणि रस्ता पाच-सहा मीटर एकदम उभा राहतो. वळणाच्या आधीच गिअर हलका करा, म्हणजे ऐन चढावर साखळीवर ताण देऊन बदलावा लागणार नाही. मागे-पुढे कुणी नाही अशी खात्री असेल तर आतली कड सोडून आपल्याच मार्गिकेत थोडं मध्याकडे सरका, तेवढ्यानेही फरक पडतो.

डावीकडून चालवायची सवय असलेल्यांनी एका क्षणी विशेष जपावं: फोटोसाठी थांबून परत निघताना. रिकामा रस्ता, मन दृश्यात, आणि सायकल सवयीने डाव्या बाजूला जाते. निघण्याआधी मनाशी "उजवी" म्हणा.

खाणं, पाणी, आभाळ

भूक लागायची वाट बघू नका. सुरुवातीच्या अर्ध्या तासापासून दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन घास, तासाला 40 ते 60 ग्रॅम कर्बोदकं जातील असं. वर गेल्यावर धाप लागलेली असताना चावणं अवघड होतं, म्हणून घट्ट पदार्थ खालच्या टप्प्यात संपवा आणि जेल किंवा मऊ खाऊ वरसाठी ठेवा. गावांमध्ये पाण्याचे नळ आणि कारंजी असतात, बाटल्या तिथे भरून घ्या. फ्रेंचमध्ये 'नों पोताब्ल', इटालियनमध्ये 'नॉन पोताबिले' आणि जर्मनमध्ये 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी असेल तर ते पाणी पिण्याचं नाही. झाडी संपल्यावर पाणी मिळेलच असं नाही.

पहाटे निघा. उन्हाळ्यात दुपारनंतर आल्प्सवर ढग जमतात आणि वीज-वादळं होतात, म्हणून मी दुपारी बारा-एकच्या आत माथा सोडायचा असा बेत आखते. पहाटेचा दुसरा फायदा म्हणजे रस्ता शांत मिळतो. दहानंतर मोटारसायकलींचे थवे सुरू होतात आणि स्टेल्व्हिओवर तर फार. काही घाटांवर वर्षातून ठरावीक दिवशी रस्ता मोटारींसाठी बंद करून फक्त सायकलींना देतात. स्टेल्व्हिओला उन्हाळ्याच्या शेवटी असा दिवस असतो. तारीख साधता आली तर जरूर साधा. गडगडाट ऐकू आला तर माथा दोन किलोमीटरवर असला तरी मागे फिरा. घाट तिथेच राहणार आहे.

माथ्यावर काय करायचं

बहुतेक जण विंडचीटर ठेवून येतात ते वजन वाचवायला. हिशोब करून बघा. वर म्हटलं तसं एकूण वजन 85 किलो धरलं तर 200 ग्रॅमच्या जाकिटामुळे स्टेल्व्हिओच्या तीन तासांत अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळ वाढतो. त्या अर्ध्या मिनिटासाठी अख्खा उतार कुडकुडत काढू नका.

हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी गार होते. प्राटोत 25 अंश असतील तर माथ्यावर 13. चढताना हे कळत नाही, कारण अंग भट्टीसारखं तापलेलं असतं. पण उतरताना पाय फिरत नाहीत, बनियन घामाने ओलं असतं आणि ताशी 50 किलोमीटरचा वारा छातीवर येतो. पाच मिनिटांत बोटं बधिर होतात आणि ब्रेक दाबता येत नाही. 5 जून 1988 रोजी इटलीच्या जिरो शर्यतीत सायकलपटू हिमवादळात गाव्हिया घाट चढले, तेव्हा योहान व्हान डर व्हेल्डे सगळ्यांच्या पुढे माथ्यावर पोचला, तोकड्या बाह्यांच्या कपड्यात. खाली बोर्मिओला पोचेपर्यंत थंडीने त्याची इतकी दैना झाली की तो विजेत्याच्या पाऊण तासाहून जास्त मागे राहिला. तो व्यावसायिक होता, तुमच्या-माझ्यापेक्षा किती तरी कणखर.

म्हणून माथ्यावर पोचल्यावर फोटोच्या आधी ओलं बनियन बदला. कोरडं बनियन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवायचं. मग बाह्या, जाकीट, गळ्याभोवती कापड, पूर्ण बोटांचे हातमोजे. गरम काहीतरी प्या, दोन घास खा. हे सगळं अंग गरम आहे तोवर, दहा मिनिटांच्या आत. कुडकुडायला लागल्यावर जाकिटाची चेनसुद्धा ओढता येत नाही.

उतार

उतरताना हात खाली, हँडलच्या वाकड्या भागात. तिथून ब्रेक कमी जोरात धरता येतो आणि वजन खाली राहतं. स्टेल्व्हिओवर वरच्या भागात दोन वळणांमधला पट्टा छोटा असतो, वेग येतो न येतो तोच पुढचं वळण. प्रत्येक वळणाला क्रम तोच: सायकल सरळ असतानाच दोन्ही ब्रेक दाबून वेग पुरता कमी करा. वळणात शिरताना ब्रेक सोडा. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, त्यावर वजन. नजर पुढच्या चाकासमोर नाही, वळण जिथे संपतं तिथे. जिकडे बघाल तिकडे सायकल जाते, आणि कठड्याकडे बघत राहिलात तर कठड्याकडेच जाईल. वळणात असताना "वेग जास्त झाला" असं वाटलं तर सायकल थोडी उभी करून हळुवार दाबा, झटका देऊ नका. वळण कापण्यासाठी मधली रेषा ओलांडू नका, समोरून येणारी मोटारसायकल कदाचित तेच करत असेल.

ब्रेक सतत घासत ठेवणं ही नवख्यांची सगळ्यात घातक सवय आहे. 85 किलोचं ओझं 1840 मीटर खाली येतं तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात साडेचार लिटर पाण्याला उकळी फुटेल. ह्यातला मोठा वाटा वाऱ्याला देता येतो, पण त्यासाठी सरळ पट्ट्यांवर सायकल सोडावी लागते. अंग जरा उभं ठेवलं तर छातीवर वारा घेऊनही वेग आवरतो. भित्र्या वेगाने पूर्ण उतार ब्रेक लावून आलात तर सगळी उष्णता ब्रेकमध्येच जाते. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवरच दाबणारे) असतील तर रिम तापून ट्यूब फुटू शकते, आणि कार्बनची रिम असेल तर तिलाही इजा होते. डिस्क ब्रेकचे पॅड तापून गुळगुळीत होतात आणि आवाज करू लागतात. जळका वास आला की थांबा, दहा मिनिटं निवू द्या आणि डिस्कला बोट लावू नका. पॅड किती शिल्लक आहेत हे निघायच्या आदल्या दिवशी बघितलेलं असावं.

रस्त्यावर काय काय असेल ते धरून चाला: वळणात खडी, दुपारनंतर शेण, सावलीत ओलावा, गुरांसाठी बसवलेल्या लोखंडी जाळ्या. जाळी नेहमी काटकोनात, चाक सरळ ठेवून ओलांडायची. गायी रस्त्यात उभ्या असतील तर हळू या आणि मागून जा.

बोगद्यांत शिरण्याआधी काळा चष्मा काढा आणि पुढचा-मागचा दिवा लावा. स्टेल्व्हिओच्या बोर्मिओ बाजूला असे काही अरुंद, काळोखे बोगदे आहेत. इटलीत बोगद्यात सायकलवाल्याला परावर्तक जाकीट घालणं कायद्याने बंधनकारक आहे. गालिबियेच्या माथ्याखालच्या बोगद्यात सायकलला बंदी आहे, वरच्या रस्त्यानेच जायचं.

स्वित्झर्लंडमध्ये फुर्का, ग्रिम्झेल, सुस्टेन ह्या घाटांवर पिवळी पोस्ट बस भेटेल. तीन सुरांचा हॉर्न ऐकू आला की ती आंधळ्या वळणाच्या पलीकडे आहे असं समजा. रोसिनीच्या 'विल्यम टेल' संगीतिकेतून घेतलेले ते सूर आहेत, ऐकायला छान वाटतात, पण त्याचा अर्थ बाजूला व्हा असाच आहे. निळ्या पाटीवर पिवळं शिंग काढलेलं असेल तर त्या रस्त्यावर चालकाचा इशारा मानावाच लागतो. हेअरपिनमध्ये बसला अख्खा रस्ता लागतो. वळणाच्या आधीच थांबून तिला जाऊ द्या.

आपत्कालीन क्रमांक 112 सगळीकडे चालतो, स्वित्झर्लंडमध्ये हवाई सुटकेसाठी 1414. प्रवास विमा घेताना डोंगरातून हेलिकॉप्टरने सुटका त्यात धरली आहे का, हे वाचून घ्या.

पहिला मोठा घाट कुठला

मी नवख्यांना गालिबिये दक्षिणेकडून करायला सांगते. मुक्काम ब्रियांसोंला, 1326 मीटरवर. तिथून लोतारे घाटापर्यंतचा रस्ता लांब पण सौम्य आहे, शेवटी थोडा चढतो. पाय मोकळे होतात, श्वास लागतो. लोतारे 2058 मीटरवर, तिथे बसून खा आणि आभाळ बघा. ढग उतरले असतील तर इथून परतलात तरी दिवस भरलेला असतो. आभाळ स्वच्छ असेल तर उजवीकडे वळा. पुढचे साडेआठ किलोमीटर सात टक्क्यांच्या जवळ, वाहनं कमी. बोगद्याच्या तोंडाजवळ टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या आंरी देग्रांज ह्यांचं स्मारक आहे, तिथे थांबून श्वास घ्या, कारण त्यानंतरचा किलोमीटर सगळ्यात खडा आहे. माथ्यावर बनियन बदला, जाकीट चढवा आणि आल्या वाटेने उतरा. लोतारेला पोचल्यावर ब्रेकचे पॅड आणि चाकातली हवा एकदा हाताने तपासा. ब्रियांसोंचा रस्ता हमरस्ता आहे, ट्रकही असतात, तेव्हा तिथून खाली एकामागे एक चला आणि मागचा दिवा चालू ठेवा.